रोजच्या माणसांचा छोटा बार: नवख्याला पुन्हा यावंसं कशानं वाटतं?

वळणावरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एका छोट्या बारची फेरमांडणी करायची आहे, म्हणून हा धागा.

खोली १० मीटर लांब, ६ मीटर रुंद, छत ३ मीटरवर. लांब भिंतीला समांतर ६ मीटरचं सरळ काउंटर, उरलेल्या जागेत टेबलं. भरलं की ३० माणसं होतात. फरशी टाइल्सची, भिंती आणि छत नुसत्या गिलाव्याचं.

रोजची दहा-बारा माणसं काउंटर धरून बसतात आणि ती खूश आहेत. नवा माणूस मात्र दारातून थेट कडेच्या टेबलाकडे जातो, एक ग्लास संपवतो, पैसे देतो आणि पुन्हा दिसत नाही.

प्रश्न असे. काउंटरची मापं आणि मांडणी नेमकी कशी हवी? संगीत बंद असतानाही रात्री आठनंतर समोरच्याचं ऐकू येत नाही, हे कशानं? नळाची बिअर एक दिवस नुसता फेस, दुसऱ्या दिवशी मिळमिळीत, असं का? आणि रोजच्या मंडळींना न दुखावता नव्यांना जागा कशी करायची?

सजावटीबद्दल विचारत नाहीये. जुन्या पाट्या आणि लाकडी पिंपं भिंतीला टांगून काही होत नाही.

---

काउंटरपलीकडे

पाट्यांचा नाद सोडलात ते बरं केलंत. ‘आपला’ वाटणारा बार म्हणजे जिथे एकटा आलेला माणूस एकटा दिसत नाही. टेबलावर एकटा बसलेला माणूस कोणीतरी यायचं राहिलंय असा दिसतो. काउंटरवर एकट्यानं बसणं मात्र कोणाला खटकत नाही. तुमचं काउंटर रोजच्यांनी भरलंय आणि सरळ आहे. गोम तिथेच आहे.

आधी मापं. काउंटरची उंची १०५ ते १०७ सेंटिमीटर. स्टुलाची बैठक ७४ ते ७६. मधलं अंतर ३० सेंटिमीटरच्या आसपास राहिलं पाहिजे. कमी असेल तर मांड्या अडकतात, जास्त असेल तर खांदे वर चढतात आणि माणूस अर्ध्या तासात उठतो. ही उंची उगाच ठरलेली नाही. ७५ च्या स्टुलावर बसलेल्याचे डोळे जमिनीपासून साधारण १५० सेंटिमीटरवर येतात, म्हणजे पलीकडे उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या जवळपास. साध्या खुर्चीत तेच १२० वर राहतात आणि देणारा वरून बघतोय असं होतं. त्यामुळे काउंटरमागची जमीन कधीही चढवून घेऊ नका. पाणी निथळायला लाकडी जाळ्या टाकतात, त्यांनी सात-आठ सेंटिमीटर वाढले तरी फरक जाणवतो. रबरी चटई टाका.

स्टूल ते स्टूल मध्यापासून मध्यापर्यंत ६० सेंटिमीटर. हात असलेली स्टुलं घेतलीत तर ७० धरा. फळीचा पुढे आलेला भाग २५ सेंटिमीटर, नाहीतर गुडघे फळकुटावर आपटतात. पाय टेकायची नळी जमिनीपासून १८ ते २० सेंटिमीटरवर, चांगली पक्की. माणसं तिच्यावर उभं राहून वाकतात. काउंटरखाली प्रत्येक स्टुलासमोर एक आकडा, पिशवी अडकवायला. तो गुडघ्याच्या रेषेत नको, जरा आत घ्या. हा आकडा सगळ्यात स्वस्त सुधारणा आहे. पिशवी मांडीवर घेऊन बसलेला माणूस निघायच्या तयारीतलाच असतो.

आता मांडणी. तुमच्या ६ मीटरमध्ये दहा स्टुलं बसतात, पण पेयं उचलून टेबलावर न्यायला ९० सेंटिमीटरची मोकळी जागा सोडावी लागते. म्हणजे आठ. सरळ रांगेत सगळे भिंतीकडे तोंड करून बसतात आणि बोलायचं तर मान वळवावी लागते. तिसऱ्या माणसाशी बोलणं जवळजवळ अशक्य. दारापासून दूरच्या टोकाला काउंटर काटकोनात १.५ मीटर वळवा. तिथे दोन स्टुलं येतात आणि तीच खोलीतली सगळ्यात चांगली जागा ठरते. मानसोपचारतज्ज्ञ हम्फ्री ऑस्मंड आणि मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सॉमर यांनी १९५० च्या दशकात बसण्याच्या जागा आणि बोलणं यांचा अभ्यास केला. त्यात टेबलाच्या कोपऱ्याला काटकोनात बसलेली माणसं समोरासमोर किंवा शेजारी बसलेल्यांपेक्षा जास्त बोलताना आढळली. कारण साधं आहे: काटकोनात बोलायचं तर नजर समोर असते, नाही बोलायचं तर ती सहज दुसरीकडे वळवता येते.

आरसा लावणार असाल तर तो या कामाचा हवा. बसलेल्याचे डोळे १५० वर असतात, म्हणून आरशाचा १३० ते १७० हा पट्टा मोकळा राहिला पाहिजे. बहुतेक ठिकाणी नेमक्या त्याच उंचीवर बाटल्यांची फळी येते आणि आरसा नुसता चमकायला उरतो. मोकळा ठेवला तर एकट्या माणसाला मान न वळवता दार आणि खोली दोन्ही दिसतं.

काउंटरचा ९० सेंटिमीटर रुंदीचा एक तुकडा ८५ सेंटिमीटर उंचीचा ठेवा, खाली पाय जातील असा मोकळा. चाकाच्या खुर्चीतला माणूस आणि स्टुलावर चढणं जमत नाही असा म्हातारा माणूस, दोघांनाही काउंटरवर जागा मिळते. हा तुकडा मध्ये हवा. टोकाला, कॅशमशीनपाशी ढकलला की तिथे बिलाचे कागद साठतात.

---

घुमारा

आवाजाचं मी बोलतो. तुमची खोली घुमते. घुमण्याचा काळ काढायचं सेबाइनचं सूत्र आहे: ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले आवाज शोषणारं क्षेत्र. घनफळ १८० घनमीटर, म्हणजे वरचा आकडा २९. टाइल्स, गिलावा आणि काच हे जेमतेम पाच टक्के आवाज शोषतात. सगळे पृष्ठभाग मिळून २१६ चौरस मीटर, त्याचे पाच टक्के ११. भागाकार २.६ सेकंद. रिकाम्या खोलीत टाळी वाजवली तर तिची शेपटी तेवढा वेळ लांबते. गप्पांच्या जागेला ०.७ ते ०.८ सेकंद हवा.

माणसंही आवाज शोषतात, माणशी अर्ध्या चौरस मीटरच्या आसपास. ३० जण आले की शोषण २६ वर जातं आणि काळ १.१ सेकंदांवर येतो. तरीही जास्तच. शिवाय ती माणसं बोलत असतात! गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो, त्यामुळे शेजारच्या टेबलाला चढवावा लागतो, आणि वर्तुळ सुरू. फ्रान्सचे डॉक्टर एत्येन लोम्बार यांनी १९११ मध्ये हे नोंदवलं, म्हणून त्याला लोम्बार परिणाम म्हणतात. तुमचं ‘आठनंतर’ ते हेच. संगीताचा त्यात दोष नाही.

इलाज: ०.७ सेकंदांसाठी एकूण ४१ चौरस मीटर शोषण लागेल. २६ आहे, १५-१६ कमी पडतंय. ८५ टक्के शोषणारे पॅनल घेतले तर २० चौरस मीटर पुरतात, म्हणजे छताचा एक तृतीयांश. ५० मिलिमीटर जाडीची खनिज लोकर, वर आवाज आरपार जाईल असं कापड, आणि छतापासून ५ सेंटिमीटर पोकळी सोडून टांगणी. पोकळीमुळे खालचे सूरही शोषले जातात. टेबलांच्या वर जास्त, काउंटरच्या वर कमी. काउंटरवर थोडा किणकिणाट राहू दे, नाहीतर संध्याकाळी सहाला चार माणसं असताना खोली मेल्यासारखी वाटते.

लोक इथे हमखास दोन चुका करतात. पहिली, २५ मिलिमीटरचा पातळ फोम चिकटवणं. तो फक्त वरचे सूर खातो, बोलण्याचा जाड भाग तसाच घुमत राहतो आणि सगळं कोंदट ऐकू येतं. दुसरी चूक जिवावरची आहे. साधा पॉलियुरेथेन फोम भडाभडा पेटतो. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात एका नाइटक्लबमध्ये भिंतीवरच्या अशाच फोमला आतषबाजीच्या ठिणग्या लागल्या आणि १०० माणसं गेली. अग्निरोधक प्रमाणपत्राशिवाय छताला काहीही लावू नका.

फोनमधलं डेसिबल ॲप अगदी अचूक नसतं, पण तुलनेला चालतं. पॅनल लावण्याआधी आणि नंतर, तेवढीच गर्दी असताना, त्याच जागी मोजा. ७० च्या आत राहिलं तर मीटरभर अंतरावर न ओरडता बोलता येतं. ७५ च्या वर गेलं की ओरडणं सुरू. शोषण दुप्पट केलं तर नुसत्या हिशेबानं ३ डेसिबल कमी व्हायला हवेत. माणसंही आवाज उतरवतात, म्हणून प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त फरक पडतो.

---

वळणावरचा (धागाकर्ता)

घुमारा, हे कागदावर मांडून बघितलं, पटलं. पण पॅनल छताला गेले तर दिवे कुठे जाणार? सध्या छतात बसवलेले गोल दिवे आहेत, काउंटरच्या बरोबर वर.

---

मंदप्रकाश

ते काढाच. डोक्यावरून सरळ खाली पडणाऱ्या उजेडात डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते, प्रत्येक जण आजारी दिसतो. उजेड तोंडावर बाजूनं किंवा खालून परतून आला पाहिजे. काउंटरवर लोंबते दिवे लावा, खालची कड जमिनीपासून १८० ते १८५ सेंटिमीटरवर, अपारदर्शक टोपीचे. काउंटरची फळी फिक्या लाकडाची असेल तर तिच्यावरून परतलेला उजेड तोंडं उजळवतो. काळा ग्रॅनाइट तो गिळतो.

उजेडाचा रंग २२०० ते २७०० केल्विन (आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर). रंग खरे दिसण्याचा निर्देशांक ९० च्या वर, नाहीतर तांबूस पेयं राखाडी दिसतात. फळीवर ५० ते ८० लक्स (उजेड मोजायचं एकक) पुरे. चाळिशी लागलेल्या माणसाला यादी वाचता आली की झालं. डिमर एलईडीला चालणारा घ्या. फोनचा कॅमेरा दिव्याकडे धरल्यावर पट्टे सरकताना दिसले तर दिवा लुकलुकतोय आणि तासाभरात डोकी दुखणार.

आणि स्वच्छतागृह! बाहेर मंद उजेड आणि आत ६५०० केल्विनची पांढरीफेक ट्यूब, हे फार ठिकाणी दिसतं. परत आलेल्या माणसाला दोन मिनिटं काही दिसत नाही, आरशात स्वतःचा चेहरा बघून घरी जावंसं वाटतं ते वेगळंच. तिथेही २७०० च ठेवा, फक्त उजेड जास्त.

बाहेरून आतलं दिसतं का, हे धाग्यात कुठेच नाही. नवा माणूस दार ढकलायच्या आधीच ठरवतो. खिडकीचा खालचा भाग, बसलेल्याच्या डोक्याएवढ्या उंचीपर्यंत, दुधी काचेचा ठेवा आणि वरचा स्वच्छ. बसलेल्याला आडोसा मिळतो, बाहेरच्याला उजेड आणि उभी माणसं दिसतात. पूर्ण काळी काच लावलेल्या जागेत अनोळखी माणूस शिरत नाही.

---

फेसभर

नळाच्या बिअरचं. ‘कधी फेस, कधी मिळमिळीत’ म्हणजे तापमान आणि दाब दोन्ही डळमळतायत. एकेक करून तपासा, सगळं एकदम बदललंत तर कारण सापडणार नाही.

आधी तापमान. फ्रिजचा काटा बघू नका. दोन ग्लास ओतून टाका आणि तिसऱ्यात थर्मामीटर बुडवा. ३ अंश सेल्सिअसच्या आसपास हवं. पहिलाच ग्लास फेसाळतो आणि पुढचे ठीक येतात, तर केग (बिअरचं धातूचं पिंप) थंड आहे पण नळापर्यंतची नळी तापतेय. नळीभोवती थंड हवा किंवा थंड पाणी खेळवावं लागेल. सगळेच फेसाळतात तर केग गरम आहे. ५० लिटरचा केग बाहेरून आला की तो २४ तास थंडीत ठेवल्याशिवाय जोडू नका. गर्दीच्या रात्री नवा केग घाईनं जोडणं, फेसाचं सगळ्यात नेहमीचं कारण हे.

मग दाब. ३ अंशांवर नेहमीच्या लागर बिअरला १२ ते १४ पीएसआय (दाबाचं एकक) कार्बन डायऑक्साइड. फेस येतो म्हणून लोक दाब कमी करतात. त्यानं वायू नळीतच सुटायला लागतो, फेस वाढतो आणि दोन दिवसांत केगमधली बिअर मिळमिळीत होते. तुमच्याकडे बहुधा हेच चाललंय. पारदर्शक नळीत बुडबुड्यांचे खंड पडलेले दिसले तर नक्की. रात्री गॅस बंद करून जायची सवय असेल तर तीही सोडा. गळती असेल तर ती साबणाच्या पाण्यानं शोधा. आणि केगच्या बंद खोलीत कार्बन डायऑक्साइडचा अलार्म बसवा. हा वायू जड असतो, खाली साठतो, वास येत नाही.

नळ्यांची सफाई दर १४ दिवसांनी. यात सूट नाही. क्रम असा:

केग सोडवा, गॅस बंद. नळीतली बिअर पाण्यानं ढकलून काढा. बिअरच्या नळ्यांसाठीचं कॉस्टिक (तीव्र अल्कली) द्रावण २ टक्के (जुन्या नळ्यांना ३), पाणी कोमट, २७ ते ४३ अंशांमधलं. रसायन पाण्यात घाला, पाणी रसायनात नाही. पंपानं १५ मिनिटं फिरवा. पंप नसेल तर नळी भरून २० मिनिटं ठेवा. तोवर नळाची तोटी पूर्ण खोलून ब्रशनं घासा. वास येतो तो नळीपेक्षा तोटीतून जास्त येतो, आणि नेमकं तेच काम टाळलं जातं. मग थंड पाण्यानं विसळा आणि शेवटच्या पाण्याला पीएच पट्टी लावा. साध्या नळाच्या पाण्याशी रंग जुळला की झालं. हातमोजे आणि चष्मा घालूनच. दर तीन महिन्यांनी एकदा आम्लाची सफाई, कारण बिअरमधल्या कॅल्शियम ऑक्झॅलेटचा दगडी थर कॉस्टिकनं निघत नाही. कॉस्टिक आणि आम्ल एकमेकांत मिसळू द्यायचं नाही, मध्ये भरपूर पाणी सोडायचं.

ग्लास. आतून ओला करून मीठ भुरभुरवा. मीठ सगळीकडे सारखं चिकटलं तर स्वच्छ. जिथे चिकटत नाही तिथे तेलकटपणा आहे. बिअर ओतल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहतात, तेही त्याचंच लक्षण. धुतलेला ग्लास जाळीवर उपडा निथळू द्या, फडक्यानं पुसू नका. बर्फ जमलेला ग्लास दिसायला झोकदार, पण बर्फाच्या कणांवर वायू सुटतो आणि फेस होतो. गार पाण्यानं विसळलेला ग्लास बरा. ओतताना ४५ अंश तिरका धरा, अर्धा भरला की सरळ करा, वर दोन-अडीच सेंटिमीटर फेस. तोटी बिअरमध्ये बुडता कामा नये.

नळ किती? रोज एका नळावर ३३० मिलिलिटरचे दहा ग्लास गेले तर ५० लिटर पंधरा दिवसांत संपतात. त्याहून कमी खपणारी बिअर नळावर ठेवू नका, बाटलीत ठेवा. छोट्या बारला तीन-चार नळ पुष्कळ. बारा नळांपैकी आठांमध्ये महिन्याची शिळी बिअर असते.

---

वळणावरचा (धागाकर्ता)

फेसभर, दाब १० वर आणि रात्री गॅस बंद. दोन्ही चुका आहेत. आता राहिला माणसांचा प्रश्न. रोजच्यांच्या जागा ठरलेल्या आहेत आणि नवा माणूस चुकून तिथे बसला तर कुजबुज होते.

---

रात्रपाळी

हा भाग मापात बसत नाही, तरी करायच्या गोष्टी नेमक्या सांगता येतात.

दार उघडल्यापासून अर्ध्या मिनिटात त्या माणसाकडे बघून मान हलली पाहिजे. हातात तीन ग्लास असले तरी. ‘या, आलोच’ एवढं पुरतं. न विचारता पाण्याचा ग्लास समोर ठेवा. पाणी आलं की माणसाला हातात काहीतरी मिळतं आणि यादी वाचायला सवड. यादी एका पानाची.

जागा दाखवायची तर मधली नको. दोन ओळखीच्यांच्या मध्ये बसलेला अनोळखी माणूस म्हणजे दोन बाजूंनी अडकलेला. काटकोनातलं स्टूल द्या, किंवा रोजच्यांपैकी जो कमी बोलतो त्याच्या शेजारचं. फार बोलक्या माणसाशेजारी नव्याला बसवणं ही चांगल्या मनानं केलेली चूक असते.

ओळख करून द्यायची ती विषयानं. नावगाव सांगून हात मिळवायला लावलात तर दोघं संध्याकाळभर बांधले जातात. ‘ही तुम्ही मागच्या आठवड्यात घेतली होती ना, कशी होती?’ असं रोजच्याला विचारायचं, नव्याच्या ऐकण्यात. बोलायचं असेल तर तो बोलेल, नाहीतर कोणाचं काही अडत नाही.

एकट्या बाईला बसवायचं ते बारटेंडर जिथे काम करतो त्या जागेसमोर, दाराकडे जाणारी वाट मोकळी असेल असं. पेय तिच्या डोळ्यांदेखत ओतायचं. कोणी तिच्यासाठी पेय पाठवतो म्हणाला तर आधी तिला विचारायचं, आणि ती नको म्हणाली तर ‘त्यांना नकोय’ हे तुम्ही सांगायचं, तिनं नव्हे. रोजच्या गिऱ्हाइकाने मर्यादा सोडली तर त्यालाही त्याच रात्री उठवायचं. एकदा सूट दिलीत की खोलीतल्या सगळ्यांना कळतं ही जागा कोणाची आहे.

आणि काल कोण किती प्यायला, कोणाबरोबर होता, हे काउंटरवर बोलायचं नाही. गमतीतसुद्धा नाही. आज दुसऱ्याचं सांगितलंत, तर ऐकणाऱ्याला कळतं की उद्या त्याचं सांगाल.

---

जुनी खुंटी

रात्रपाळींशी बहुतेक सहमत, पण रोजच्यांना खलनायक करू नका. त्यांच्यावरच जागा चालते. रे ओल्डनबर्ग या समाजशास्त्रज्ञानं १९८९ मध्ये घर आणि काम यांच्यापलीकडच्या ‘तिसऱ्या जागे’ची कल्पना मांडली, त्यात रोजची माणसं हाच मुख्य भाग आहे. खोलीचा सूर तीच लावतात. रिकाम्या खोलीत नवा माणूस दहा मिनिटंही थांबत नाही.

म्हणून ठरलेली जागा असू द्या, पण वेळेपुरती. रोजचा माणूस साडेसातला येतो हे माहीत असेल तर आठपर्यंत ते स्टूल राखा. पाटी लावू नका. ग्लासखालची चकती उलटी ठेवली की घरच्या लोकांना कळतं. आठनंतर जो येईल त्याचं.

---

काउंटरपलीकडे

खुंटीजी, चकतीलाही माझा विरोध आहे. नव्या माणसाला चकती कळत नाही, तो बसतो, आणि मग ती कुजबुज. स्टूल राखायचंच असेल तर ते काउंटरपासून ओढून आत ठेवा, म्हणजे बसायला जागाच दिसणार नाही. रोजच्याला मान द्यायचे दुसरे मार्ग आहेत. त्याचा ग्लास कोणता, बर्फ किती, हे न विचारता येणं त्याला जास्त भावतं.

माप मात्र सगळ्यांना सारखं. पेग मेजर न वापरता रोजच्यांना सढळ हातानं ओतलं तर शेजारी बसलेला नवा ते बघतोच. शिवाय प्रत्येक पेगमागे ५ मिलिलिटर जास्त गेलं तर ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून ३० चे २५ निघायच्या ऐवजी २१ निघतात.

टेबलांबद्दल राहिलं होतं. चारच्या वर माणसं बसली की गप्पा दोन गटांत फुटतात. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांचं हे निरीक्षण आहे, आणि कोणत्याही टेबलावर बघून घ्या. सहा माणसांची टेबलं काढून दोन-दोनची ठेवा, लागतील तशी जोडता येतात.

---

वळणावरचा (धागाकर्ता)

टीव्ही आणि उधारी, दोन्हींवर एकेक ओळ मिळेल का?

---

जुनी खुंटी

टीव्ही: मंद खोलीत हलणारी एकमेव चीज असली की डोळे तिथेच जातात, कोणालाही बघायचं नसलं तरी. सामना असेल तेव्हाच लावा, आणि काटकोनातल्या दोन स्टुलांवरून दिसणार नाही अशा भिंतीवर.

उधारी: एकच वही, रक्कम आणि सही, आठवड्याला चुकती, आधीची चुकल्याशिवाय पुढची नाही. मर्यादा आधी सांगून ठेवा. नावं भिंतीवर लावू नका. मोठी उधारी थकलेला माणूस पैसे बुडवतो त्याहून आधी यायचा बंद होतो.

---

मंदप्रकाश

एक गोष्ट कोणी काढली नाही म्हणून लिहितो. न पिणाऱ्याला काय देता? तीन मित्रांतला एक पीत नसेल आणि त्याला प्लास्टिकच्या ग्लासात गोड सोडा मिळाला तर पुढच्या वेळी तिघंही दुसरीकडे जातात. त्याच काचेच्या ग्लासात, तेवढ्याच निगुतीनं केलेली दोन-तीन बिनदारूची पेयं यादीत वर ठेवा, शेवटी नको.

---

रात्रपाळी

मंदप्रकाश, +१. त्याला जोडून, थांबवण्याचा हिशेब काउंटरमागच्या प्रत्येकाला यायला हवा. मिलिलिटर गुणिले टक्के गुणिले ०.७८९, भागिले १००, म्हणजे ग्रॅममध्ये अल्कोहोल. ५ टक्क्यांची ५०० मिलिलिटर बिअर म्हणजे जवळपास २० ग्रॅम. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निपटतं. एका ग्लासाला दोन ते तीन तास! कॉफीनं किंवा गार पाणी तोंडावर मारून हा वेग वाढत नाही. तिसऱ्या ग्लासापासून प्रत्येक पेयाबरोबर न मागता पाणी द्या. नाही म्हणायची वेळ आली तर काउंटरवरून मोठ्यानं नको. बाजूला जाऊन, कमी शब्दांत, ग्लास न हिसकावता, आणि घरी जायची सोय विचारून.

बंद करायची पद्धतही ठरवा. शेवटची ऑर्डर अर्धा तास आधी, प्रत्येकाकडे जाऊन. मग संगीत उतरवा. दहा मिनिटांनी दिवे एक पायरी वर. माणसं बसलेली असताना स्टुलं टेबलांवर उपडी टाकू नका आणि फिनेलची बादली बाहेर काढू नका. रात्रीचा तो वासच लोकांच्या लक्षात राहतो. बाटल्यांची तोंडं झाकणं, नळाखालच्या ट्रेची सफाई, गटाराच्या जाळीवर गरम पाणी (चिलटं तिथेच वाढतात), ही कामं दार लागल्यावरची.

आणि गिऱ्हाईक नाही म्हणून एखाद्या मंगळवारी तासभर आधी कुलूप लावायचं नाही. पाटीवर लिहिलेल्या वेळेला दार बंद मिळालेला माणूस पुढच्या मंगळवारी चाचपून बघायला येत नाही.

---

वळणावरचा (धागाकर्ता)

मंगळवारीच लवकर बंद होतंय सध्या. दाब आणि गॅसची सवय आजच बदलतो, पिशव्यांचे आकडे या आठवड्यात. काउंटर वळवायचं तर सिंकची पाण्याची लाइन हलवावी लागेल. काटकोनातल्या त्या १.५ मीटरमध्ये सिंक ठेवलं तर चालेल का?

---

काउंटरपलीकडे

नको. सिंक तिथे आलं की बारटेंडर पाठ वाकवून त्या दोन स्टुलांसमोर भांडी धूत राहतो, आणि पाणी उडतं ते वेगळंच. सिंक आणि बर्फाची पेटी सरळ भागात, नळांच्या शेजारी राहू द्या. काउंटर आणि मागची फळी यांच्यात ९० सेंटिमीटर अंतर ठेवा, म्हणजे दोन माणसं एकमेकांना घासत जाणार नाहीत. काटकोनातल्या भागाखाली नुसती कपाटं, कोरड्या सामानाची. लाइन हलवायचा खर्चही वाचेल.